तात्यांचं पेन आणि पक्की शाई

अक्षर चांगलं असलं तर माणसानं ते शक्यतो लपवून ठेवावं. गाण्याचं त्या मानानं बरं असतं. गाता येतं असं कळलं तर लोक एकदा गायला लावतात, आणि एकदा ऐकलं की बहुधा पुन्हा लावत नाहीत. अक्षराला ही सुटका नाही. ते एकदा बाहेर फुटलं की 'लिफ्ट बंद आहे' पासून 'मांजर हरवले आहे' पर्यंत सगळ्या पाट्या तुमच्या गळ्यात पडतात. पाणीपुरवठा कार्यालयातल्या आमच्या हेडक्लार्कचं हेच झालं होतं. त्याला सगळे तोंडावर 'मोतीदाणे' म्हणत आणि पाठीमागे, सोयीसाठी, 'मोत्या'. त्याला दोन्ही ठाऊक होतं. पहिल्याच्या आनंदात त्यानं दुसरं गिळलं होतं.

मोठे साहेब शुक्रवारी निवृत्त होणार होते. त्यांना मानपत्र द्यायचं ठरलं. ते साहेबांना कळू द्यायचं नाही हेही ठरलं. कॉम्प्युटरवर टाइप करून फ्रेम करू, असं कुणीतरी म्हणालं, आणि विषय तिथंच मिटला असता. पण आमच्या या हेडक्लार्कचा हात वर गेला.

"छापील कशाला?" तो म्हणाला. "मी लिहितो की. कट निबनं."

शेवटचे दोन शब्द आपण का बोललो, याचा त्यानं नंतर फार विचार केला. कट निब म्हणजे टोक छाटलेली, पट्टीसारखी रुंद निब. एकीकडे ओढली की रेघ जाड येते, दुसरीकडे ओढली की केसासारखी बारीक. ती त्यानं सासुरवाडीला लांबून पाहिली होती. हातात कधीही धरली नव्हती. त्याचं सगळं मोत्यासारखं अक्षर आजवर बॉलपेननं आलेलं होतं.

घरी येऊन त्यानं ही बातमी जरा छाती काढूनच बायकोला सांगितली, आणि पाचव्या मिनिटाला बायकोनं ती फोनवरून आपल्या वडिलांना सांगितली. तिचा हेतू चांगला होता. या हकिकतीत सगळ्यांचेच हेतू चांगले होते, म्हणून तर एवढं सगळं झालं.

तिचे वडील म्हणजे तात्या. छत्तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत नद्यांची आणि डोंगरांची नावं लिहून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, कडक इस्त्रीचे आणि मोजकं बोलणारे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत तात्यांनी जावयाला कधी दुखावलं नव्हतं, त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि त्याला कधी काही दिलंही नव्हतं. येत, "कसं काय, बरं आहे ना?" विचारत, वर्तमानपत्र उघडत. एवढ्यानंच आमच्या गृहस्थाला घाम फुटायचा. तर हे तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता, दारात हजर. हातात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक काळं, जाडसर पेन.

"जावईबापू, बसा," तात्या म्हणाले. आपल्याच घरात बसायला सांगितल्यावर तो बसला. "हे पेन. यात साधी शाई घालायची. पातळ. दुसरी कुठलीही नाही."

"हो, तात्या."

"दाबायचं नाही. निब चालते, आपण फक्त बरोबर जायचं."

"हो, तात्या."

"लिहून झालं की आधी धुवायचं. गार पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चहाबिहा त्यानंतर."

"हो, तात्या."

"आणि रविवारी मला परत हवंय. अकरा वाजता दगड कोरणारा येणार आहे तुमच्याकडेच. हिच्या आईच्या पाटीचं अक्षर लिहायचंय."

या वेळी "हो, तात्या" म्हणताना तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. सासूबाईंनी वीस वर्षं मुलांसाठी वाचनखोली चालवली होती. त्या गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि त्या खोलीला आता त्यांचं नाव द्यायचं होतं. दगडी पाटी बसायची होती. तात्या कागदावर नाव लिहिणार, आणि कोरणारा त्यावरून कोरणार. हे काम तात्यांनी तीनदा पुढं ढकललं होतं. एकदा कागद बरा नव्हता, एकदा उजेड बरा नव्हता, आणि एकदा नुसतंच "बघू" म्हणाले होते.

तात्या गेल्यावर बायको पेनाकडे बघत राहिली. "दादाला आयुष्यात हात लावू दिला नाही याला," ती म्हणाली. "सांभाळा हं."

त्यानं पेन फ्लॅनेलसकट उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर सरावाला बसला. पहिली रेघ अर्धी उमटली, अर्धी नुसती ओरखडली. त्यानं जरा दाबलं. मग दाबायचं नाही हे आठवलं म्हणून दचकून हात उचलला, तर टपकन थेंब पडला. दहा कागद झाले. अकराव्या कागदावर समोरचे प्राध्यापक आले. हे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले होते, आणि रोज त्याच वेळी आजचं वर्तमानपत्र न्यायला येत.

"मूलतः," प्राध्यापक म्हणाले (ते 'मूलतः' शिवाय वाक्य सुरू करत नसत), "तुमचा प्रश्न कोनाचा आहे." आणि घरी जाऊन कोनमापक घेऊन आले. पुढचा अर्धा तास आमचा हेडक्लार्क लिहीत होता आणि प्राध्यापक त्याच्या मनगटाला कोनमापक लावून "चाळीस... पन्नास... अहो, साठ झाले!" असं ओरडत होते. शेवटी स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तात्या कागद तिरका ठेवायचे, आणि कोपर टेबलाला टेकवायचे नाहीत."

त्यानं कागद तिरका केला, कोपर उचललं, आणि निब अचानक चालायला लागली. जाड रेघ जाड, बारीक रेघ बारीक. वेलांटी तर अशी वळली की तोच तिच्याकडे बघत बसला. पेन इतकं शहाणं होतं की त्याला फक्त बरोबर जायचं होतं. प्राध्यापकांनी कोनमापक खिशात ठेवलं आणि आपणच शिकवल्यासारखी मान हलवली.

मंगळवारी अख्खं मानपत्र लिहून झालं. ते बघायला प्राध्यापक पाण्याचा पेला हातात घेऊनच आले. बघता बघता त्यांना शिंक आली, आणि 'कर्तव्यदक्ष' मधलं कर्तव्य वाहून गेलं.

"मूलतः," नाक पुसत ते म्हणाले, "तुमचा प्रश्न शाईचा आहे. साधी शाई पाण्यात विरघळते. ड्रॉइंगची पक्की काळी शाई घ्या. वाळली की वर बादली ओता, ढिम्म हलणार नाही."

"पण तात्या म्हणाले, साधीच."

"तुमचे सासरे नकाशे काढायचे ना? नकाशा घेऊन माणसं उघड्यावर हिंडतात. त्यावर साधी शाई चालेल का? विचार करा."

त्यानं विचार केला, हीच चूक झाली. नकाशावरची पक्की शाई तात्या बुडवायच्या टाकानं लावत, ती या पेनाच्या पोटात कधी जाऊ देत नसत. पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तात्यांना फोन करून विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती.

जवळच्या दुकानात पक्की शाई नव्हती. ऑफिसच्या स्टोअरमध्ये मात्र एक बाटली होती. आता, स्टोअरकीपर हा माणूस वस्तू देण्यासाठी नेमलेला असतो असा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्या स्टोअरकीपरनं चष्मा वर केला आणि म्हणाला, "मागणीपत्र तीन प्रतींत. कारण लिहा. आणि रेखाटन साहित्य आहे, म्हणजे मोठ्या साहेबांची सही लागेल."

"अहो, साहेबांच्याच निरोपासाठी हवीय. त्यांना कळता कामा नये!"

"मग सही कशी मिळणार?" स्टोअरकीपरनं खरोखरच्या काळजीनं विचारलं. "मागे कुणीतरी काटकोन आखायचा गुण्या घरी नेला, तेव्हापासून नियम आहे. मी काय करू?"

तेव्हा आमचा हेडक्लार्क तीन प्रती घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. कारणाच्या रकान्यात त्यानं 'कार्यालयीन निकड' लिहिलं होतं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "कसली निकड?"

"फायली, साहेब," तो म्हणाला. तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली की ते थांबत नाही. "फायलींच्या पाठीवर नावं घालावीत म्हणतो. पक्क्या शाईत. मोठ्या अक्षरात."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बावीस वर्षं हेच सांगतोय मी," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिला माणूस भेटलात! उद्या सुरू करा. मी जाण्याआधी मला सगळ्या फायली दिसल्या पाहिजेत."

फायली चारशे अकरा होत्या.

बुधवारी संध्याकाळी त्यानं पक्क्या शाईत मानपत्र पुन्हा लिहिलं. शाई काळी कुळकुळीत आणि चकचकीत. लिहून झाल्याबरोबर त्यानं पेन नळाखाली धरलं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. चहा त्यानंतर. मन जरा हलकं झालं. तात्यांच्या चार अटींपैकी दाबायचं नाही ही पाळली होती, धुवायची पाळली होती, परत द्यायची पाळणार होता. एकच मोडली होती, आणि त्यानं काही बिघडलं नव्हतं.

गुरुवारी तेच पेन घेऊन तो फायलींना बसला. साहेब मागे हात बांधून शेजारी उभे. चाळीसेक फायली झाल्या असतील, तेवढ्यात साहेब म्हणाले, "चला, जरा माझ्या खोलीत. हे काम पुढं कसं चालवायचं त्याची टिप्पणी करून टाकू." त्यानं पेन धुण्यासाठी बाथरूमकडे धाव घेतली. नळ सोडला. नळातून आधी हवा आली, मग एक खाकरल्यासारखा आवाज आला, मग काहीच आलं नाही. पाणीपुरवठा कार्यालयात त्या दिवशी पाणी नव्हतं. का नव्हतं याची फाइल चारशे अकरांपैकीच एक होती.

"येताय ना?" साहेबांनी हाक मारली. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. टोपण लावलं की नाही, ते नंतर कितीही आठवून त्याला आठवलं नाही. टिप्पणी तीन तास चालली. टेबलावरचा पंखाही तीन तास चालला. परत येऊन बघतो तर टोपण एकीकडे, पेन एकीकडे, आणि निबेवर काळा, चकचकीत, सुरेख थर. नखानं खरवडला, ढिम्म हलला नाही. पाणी ओतलं तरी हलणार नाही अशी त्या शाईची ख्यातीच होती.

हे दगडासारखं झालेलं पेन तात्यांच्या हातात आपण ठेवतोय, आणि शेजारी कोरणारा छिन्नी घेऊन उभा आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिथंच बसून राहिलं.

घरी येऊन त्यानं बायकोकडे गरम पाणी मागितलं. "पाय दुखतायत," म्हणाला. मग प्राध्यापकांचं दार वाजवलं. प्राध्यापक म्हणाले, "मूलतः गरम पाणी चुकीचं. कढत पाहिजे." कढत पाण्यात पेनाची नळी किंचित वाकली. मग प्राध्यापकांनी स्पिरिट आणलं. स्पिरिटनं शाई सुटली नाही, पेनाची झिलई मात्र सुटली आणि ते राखाडी पडलं. मग प्राध्यापक म्हणाले, निब आणि तिच्याखालची जीभ ओढून बाहेर काढू, चिमट्यानं. जीभ बाहेर आली. निबही आली, पण तिचा एक दात दुसऱ्या दातावर चढून बसला होता, रुसलेल्या पोरासारखा.

"मूलतः," प्राध्यापक बोलायला लागले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. "मी येतो," म्हणाले आणि वर्तमानपत्र न घेता गेले.

त्याच वेळी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या वरणाच्या वाटीत तात्यांच्या पेनाचे पाच तुकडे पडले होते. ती खुर्चीवर बसली.

"हे तात्यांचं आहे?"

त्यानं मान हलवली.

"आता?"

"दुरुस्त करून आणतो. त्यांना काही सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो."

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर गप्प राहीन. पण तुमच्यासाठी नाही. त्यांनी हे काम तीनदा टाळलंय. चौथ्यांदा टाळलं तर ते व्हायचं नाही कधी."

शुक्रवारी निरोप समारंभ झाला. सगळ्यांसमोर मानपत्र साहेबांच्या हातात दिलं गेलं. साहेबांनी चष्मा लावून ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि गहिवरून म्हणाले, "वा! काय सुंदर छापलंय! हल्लीची मशिनं काय करतील सांगता येत नाही." टाळ्या पडल्या. साहेबांची चूक कुणीच दुरुस्त केली नाही. एरवी या एका वाक्यावर तो सहा महिने जळला असता. त्या दिवशी त्याला तेवढीही फुरसत नव्हती, तो मनात पेनवाल्याच्या दुकानाचे तास मोजत होता. तरी घरी जाताना जिन्यात थांबून तो स्वतःशी "मशिनं!" असं एकदा म्हणालाच.

शनिवारी सकाळी पेनवाल्यानं निब भिंगाखाली धरली. "कुणी केलं हे?" तो म्हणाला.

"शेजाऱ्यांनी."

"ही गेली. पण याच रुंदीची माझ्याकडे आहे एक." त्यानं नळी शेकून सरळ केली, झिलई करून दिली, नवी निब बसवली, शाईत बुडवून एक आडवी रेघ मारून दाखवली. "बघा. हुबेहूब."

रेघ खरंच जाड, काळी, हुबेहूब होती. पेन तर आधीपेक्षा चकचकीत दिसत होतं, आणि तीच नवी पंचाईत. घरी येऊन त्यानं दुपारभर ते जुनं केलं. आधी तळहातानं घासलं, मग पायपुसण्यावर, मग जरा तेल, जरा धूळ. बायको दारातून बघत होती आणि काही बोलत नव्हती, जे फारच वाईट होतं. शाई घालून लिहून बघावं असं त्याला एकदा वाटलं. पण आता त्या पेनात आपल्या हातानं थेंबही घालायचा नाही, अशी त्यानं शपथ घेतली होती. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्यानं ते कपाटात ठेवलं आणि दर तासाला उघडून बघितलं.

रविवारी दहा वाजता तात्या आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गुंडाळी केलेला जाड कागद. आज त्यांनी "बरं आहे ना?" असं विचारलं नाही. खिडकीजवळ टेबल ओढून घेतलं, कागद तिरका लावला, आपल्या खिशातली शाईची बाटली काढली, पेन भरलं. पेनाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. आमचा हेडक्लार्क भिंतीला पाठ लावून उभा होता. देवा, एवढी वेळ निभावून ने, एवढंच तो म्हणत होता.

तात्यांनी कोपर उचललं आणि पहिलं अक्षर लिहिलं. निबेचा एकच कोपरा कागदाला लागला. रेघ एका कडेनं धारदार आली आणि दुसऱ्या कडेनं फाटकी. तात्या थांबले. कागद जरा फिरवला, पुन्हा लिहिलं. जिथं जाड यायला हवं तिथं बारीक आलं. त्यांनी चष्मा पुसला, तिसऱ्यांदा लिहिलं. सासूबाईंच्या नावाचं पहिलंच अक्षर तीन वेळा, तिन्ही वेळा शाळेतल्या पोरानं काढल्यासारखं.

तात्यांनी पेन खाली ठेवलं. उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"गेला," ते म्हणाले. "हात गेला माझा."

"तात्या, चहा घ्या, मग लिहा," बायको म्हणाली.

"नको गं. मला भीतीच होती. म्हणून तर पुढं ढकलत होतो. सकाळी कप धरताना थरथरतो जरा कधीकधी. म्हटलं, पेन धरल्यावर थांबेल." त्यांनी कागदाची सुरळी करायला घेतली. "तो आला की सांगा त्याला, छापील टाक म्हणावं. काय, नाव वाचता आलं म्हणजे झालं. छत्तीस वर्षं सगळ्या डोंगरांना लिहिली नावं. तिचंच राहिलं."

आता मी खरं सांगतो, त्या क्षणी आमचा हेडक्लार्क सुटला होता. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. तात्या पेन फ्लॅनेलमध्ये गुंडाळून घरी नेणार आणि पुन्हा कधीही उघडणार नव्हते. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, आणि चार दिवस देवाकडे त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं. बायको त्याच्याकडे बघत होती. तात्यांनी तिला काहीच विचारलं नव्हतं.

तात्यांच्या हातात ती सुरळी होती आणि ते ती बांधायला दोरा शोधत होते. ते त्याला बघवेना.

"तात्या, हात नाही गेला," तो म्हणाला. "निब गेली. म्हणजे, ही निब तुमची नाहीच. मी पक्की शाई घातली. ती वाळली. मग कढत पाणी, मग स्पिरिट, मग चिमटा. तुमची निब मोडली. ही काल बसवून आणली. मग पेन पायपुसण्यावर घासलं. जुनं दिसावं म्हणून."

तात्यांनी दोरा खाली ठेवला. पेन उचललं, निब उजेडात धरली, डोळ्याजवळ नेली.

"सरळ कापाची आहे," ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "अरे, ही सरळ आहे! माझी मी तिरकी घासलेली होती! दगडावर! माझ्या मनगटाला बसेल अशी!"

"हो, तात्या."

"हो तात्या काय? गाढवा! पक्की शाई? पेनात? अरे, लाख असते तिच्यात, लाख! आणि कढत पाणी! कुठल्या मूर्खानं सांगितलं तुला?"

"समोरच्या प्राध्यापकांनी."

"आणि तू ऐकलंस! फोन करता येत नव्हता मला? तोंड नव्हतं? पायपुसणं म्हणे! मी इथं मरायला टेकलो होतो, समजलास? मला वाटलं, संपलो मी! गाढवा, गाढवा!" तात्या उभे राहिले होते. चेहरा लाल झाला होता. अकरा वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं ते एका श्वासात बोलले, आणि बोलताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

एवढ्यात बेल वाजली. दगड कोरणारा आला होता, पिशवीत हत्यारं घेऊन. दारातच त्याला 'गाढवा' ऐकू आलं, तेव्हा तो जरा बिचकला.

"ये, ये," तात्या म्हणाले. "छिन्नीला शेवटची धार काढायचा गुळगुळीत दगड आहे का तुझ्याकडे? आण इकडे. आणि तू, उभा काय राहिलास? वाटीत पाणी आण. गार! कढत नको!"

त्यानं गार पाणी आणलं. तात्यांनी दगड भिजवला, निब त्यावर तिरकी धरली आणि अगदी हलक्या हातानं फिरवायला सुरुवात केली. दहा-बारा फेरे, मग थांबून बोटावर टोक बघणं, मग परत. त्यांचा हात थरथरत होता, रागानं, आणि तरी फेरा जिथं सुरू होई तिथंच संपत होता. "इकडे बघ," ते मध्येच खेकसत. "वर काय बघतोस? कोपरा मोडायचा, धार नाही मोडायची. बघतोयस का?" कोरणाराही वाकून बघत होता. अर्ध्या तासानं तात्यांनी पेन पुन्हा भरलं, सुरळी उलगडली, कोपर उचललं आणि सासूबाईंचं नाव एका दमात, न थांबता, लिहून टाकलं.

कोरणाऱ्यानं कागद दोन्ही हातांनी उचलला. "असं अक्षर आता मिळत नाही, साहेब," तो म्हणाला. तात्या कागदाकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर बघितलं, मग पेन जावयापुढं धरलं.

"धू."

आमचा हेडक्लार्क नळाखाली उभा राहून पेन धूत होता. तात्या मागून बघत होते. पाणी स्वच्छ आलं. "अजून," तात्या म्हणाले. आणखी धुतलं. "अजून." तिसऱ्यांदा धुतल्यावर ते "हं" म्हणाले आणि कोरणाऱ्याला पाटीचं माप समजावायला बाहेर गेले.

बायको चहाचं आधण ठेवत होती. तिनं हळूच विचारलं, "फार लागलं का हो मनाला?"

"गाढव म्हणाले," त्यानं सांगितलं. "तीन वेळा."

बायकोनं साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून तशीच थांबली.

"आजवर फक्त मला आणि दादाला म्हणायचे," ती म्हणाली.